चार जीबीत किती मावतं?

२०१९ च्या जुलैतली गोष्ट. पीक विम्याची मुदत संपत आली होती. आसेगावातल्या आमच्या सेवा केंद्रापुढे सकाळी सातलाच माणसं येऊन बसायची. केंद्र म्हणजे माझ्या चुलतभावाचं दुकान. एक शटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, इन्व्हर्टर आणि चार जीबी रॅमचा एक जुना कंप्युटर. गर्दीच्या दिवसांत मी गावी असलो की त्या खुर्चीवर बसायचो.

आसेगाव म्हणजे मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्याच वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात, आसेगाव पेन आहे. आमच्याकडे पोलिस ठाणं आहे, म्हणून बाहेर ओळख सांगताना आम्ही तीच खूण देतो. सारख्या नावाचे दोन टॅब उघडे असले की आपला कुठला ते क्लिक करूनच कळतं, तसला हा प्रकार.

टॅबांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. एका शेतकऱ्याचा विमा भरायचा तर एक टॅब अर्जाचा. दुसरा सातबाऱ्याचा. तिसरा आमच्या केंद्राच्या लॉगिनचा. चौथा व्हॉट्सअ‍ॅप वेबचा, कारण पासबुकाचा फोटो कुणाच्या तरी पोरानं तिथं पाठवलेला असतो. पाचवा फोटो लहान करून देणाऱ्या वेबसाइटचा. सहावा बँकेचा आयएफएससी कोड शोधायला. शेवटी पावतीची पीडीएफ उघडते तो सातवा. माणूस पावती घेऊन उठतो, त्याचे दोन-तीन टॅब मात्र तसेच राहतात. दुपारी बारापर्यंत वरच्या पट्टीत टॅबांची नावंसुद्धा दिसेनाशी व्हायची.

मग कंप्युटर घरघरायला लागायचा. हार्ड डिस्कचा लाल दिवा विझायचा नाही. एक अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटायला दम लागायचा. यावर उपाय म्हणून मी एक एक्स्टेन्शन टाकलं. काही मिनिटं हात न लावलेला टॅब ते आपोआप झोपवायचं. कंप्युटर एकदम हलका झाला. भाऊ खूश, मीही खूश.

दोन दिवसांनी एक काका आले. साठीच्या पुढचे. डवरणी अर्धी टाकून आलेले. अर्ज जवळजवळ पूर्ण भरला होता, फक्त पासबुकाचा फोटो जोडायचा राहिला होता. फोटो मोठा होता म्हणून तो लहान करायला मी दुसऱ्या टॅबवर गेलो. मध्येच कुणाला तरी झेरॉक्स हवी होती, कुणाचा आधार नंबर चुकला होता. पाऊण एक तास गेला असेल. परत अर्जावर आलो तर टॅब नव्यानं उघडला आणि समोर लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं होतं.

“काय झालं रे बाबू?”

“काका, अर्ज गेला. पुन्हा भरा लागते.”

“गेला म्हंजे? आत्ताच तं भरला तू माह्यासमोर.”

“कंप्युटरमध्ये जागा नव्हती. जागा करासाठी त्यानं तो टॅब काढून टाकला.”

काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माणूस इसरते, हे समजते. मशीन कशी काय इसरली?”

त्यांची गाडी निघायची वेळ झाली होती. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. अर्ज भरला गेला, पण त्यांचा एक दिवस माझ्यामुळं वाया गेला. त्यांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण मला ते येतच नव्हतं. नंतर मी ते शोधत गेलो. शोधता शोधता पंचवीस-तीस वर्षं मागं जावं लागलं.

एक पान, एक खिडकी

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. तेव्हाची पानं म्हणजे मजकूर आणि दुवे. १९९३ मध्ये अमेरिकेत मोझेक आला. मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तो लिहिला होता आणि मजकुराच्या मध्येच चित्र दाखवण्याची सोय त्यानं लोकांपर्यंत नेली. पुढं नेटस्केप आला, मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर. या सगळ्यांत ढोबळ हिशोब एकच: एक पान, एक खिडकी. दुसरं पान हवं तर दुसरी खिडकी उघडा.

टॅबची कल्पना तशी लवकर सुचलेली होती. १९९४ मध्ये बुकलिंक या कंपनीच्या इंटरनेटवर्क्स नावाच्या ब्राउझरमध्ये टॅब होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅडम स्टाइल्स या प्रोग्रॅमरनं नेटकॅप्टर काढला. आत इंजिन इंटरनेट एक्स्प्लोररचंच, पण वर टॅबांची पट्टी. तरी टॅब घराघरांत जायला आणखी काही वर्षं लागली. २००१ मध्ये ते मोझिलात आले, ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली पक्की आवृत्ती आली तिच्यात होते आणि २००६ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या सातव्या आवृत्तीत आले.

आपल्याकडे हाच काळ एमएस-सीआयटीचा. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि तालुक्या-तालुक्याला कंप्युटरचे क्लास उघडले. तेव्हाच्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची आणि १२८ एमबी असावी अशी शिफारस होती. एमबी, जीबी नव्हे. त्या लॅबमध्ये शिकलेल्यांना विचारा. चार-पाच खिडक्या उघडल्या की सर ओरडायचे, “जे नको ते बंद कर!”

मला वाटतं, टॅबांनी सगळ्यात मोठा बदल इथं केला. खिडकी बंद करणं हा कामाचाच भाग होता. टॅब आले आणि पान बंद करण्याऐवजी बाजूला ठेवता यायला लागलं. ‘नंतर वाचू’, ‘लागलं तर असू दे’ असं म्हणत आपण पानं ठेवत गेलो. घरात जुन्या पिशव्या ठेवतो तशी. फरक एवढाच की पिशवी रिकामी असते आणि टॅब भरलेला.

फोटो तीन एमबीचा, जागा अठ्ठेचाळीसची

टॅब किती भरलेला असतो, हे पासबुकाच्या फोटोवरून सांगतो.

समजा तुमच्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे. फोटो ४,००० ठिपके रुंद आणि ३,००० ठिपके उंच, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. फाइल असते साधारण तीन-चार एमबीची, कारण जेपीजीमध्ये तो दाबून बसवलेला असतो, गादीच्या खोळीत कापूस कोंबतात तसा. पण पडद्यावर दाखवायचा तर तो मोकळा करावा लागतो. मग प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकपणा. १ कोटी २० लाख गुणिले चार, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. ४८ एमबी. एका फोटोला.

ही झाली चित्राची गोष्ट. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स. तोवर पान एकदा उघडलं की गप्प बसायचं. या दोघांच्या मागोमाग आलेली पानं गप्प बसेनात. त्यांच्या आत जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम चालू असतो. नवीन मेल आली का, कुणी मेसेज पाठवला का, जाहिरात बदलायची वेळ झाली का, असं ते पान मागच्या मागं विचारत राहतं. आपण त्याला ‘पान’ म्हणत राहिलो, खरं तर तो आता एक चालू प्रोग्रॅम होता. तीस टॅब म्हणजे तीस चालू प्रोग्रॅम.

रॅम भरली की कंप्युटर बंद पडत नाही. रॅममधला काही माल तो हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. हार्ड डिस्क रॅमच्या मानानं फारच हळू. आमच्या दुकानातली घरघर ती हीच. सगळा वेळ माल नेण्या-आणण्यात जायचा आणि कामाला वेळच उरायचा नाही.

वेगळ्या चुली

‘क्रोम रॅम खातो’ हा विनोद तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. तो का खातो, हे मात्र विनोदात नसतं.

२००८ पर्यंतच्या ब्राउझरांचा संसार एकत्र कुटुंबासारखा होता. सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये, एकाच चुलीवर. यात भांडी कमी लागतात. पण एका पानानं गोंधळ घातला की सगळ्यांचं जेवण बिघडतं. एक टॅब अडकला की अख्खा ब्राउझर बंद पडायचा आणि दहा टॅबांमधलं काम एकदम जायचं. शिवाय टॅब बंद केल्यावरही त्यानं घेतलेली जागा पूर्ण परत मिळायची नाही. यालाच मेमरी लीक म्हणतात, मेमरीची गळती. त्या काळी फायरफॉक्सवर याबद्दल फार टीका व्हायची.

२ सप्टेंबर २००८ ला गूगलनं क्रोम आणला. सोबत स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून काढून घेतलेलं ३८ पानांचं कॉमिक होतं. ब्राउझर कसा चालतो हे सांगायला कॉमिक! त्यात मुद्दा हाच होता की प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस द्यायची. वेगळी चूल. सुरुवातीला मेमरी जास्त लागेल, हे त्या कॉमिकमध्येच कबूल केलेलं होतं. पण एक टॅब मेला तर बाकीचे जगतील आणि टॅब बंद केला की त्याची सगळी जागा मोकळी होईल. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून पाहा. कुठली चूल किती लाकडं खाते त्याची यादीच येते.

या चुलींमध्ये पक्क्या भिंती आल्या त्या दहा वर्षांनी. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा दोष जगासमोर आला. तो ब्राउझरमधला नव्हता, थेट प्रोसेसरमधला होता. त्याचा फायदा घेऊन एखादं लबाड पान त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या वेबसाइटची माहिती वाचू शकत होतं. म्हणजे एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात कसलंतरी फुकट सिनेमाचं पान असेल आणि दोन्ही एकाच चुलीवर असतील, तर बँकेची माहिती उघडी. म्हणून त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीपासून कंप्युटरवर प्रत्येक वेबसाइटला सक्तीनं वेगळी प्रोसेस मिळाली. गूगलनंच सांगितलं की यामुळं मेमरी साधारण १० ते १३ टक्के जास्त लागेल.

हे वाचलं तेव्हा मला आमचं दुकान आठवलं. एका टॅबमध्ये पैशांचं वॉलेट, शेजारी फोटो लहान करून देणारी जाहिरातींनी भरलेली फुकट वेबसाइट. ज्या मेमरीला मी शिव्या देत होतो, त्यातली काही या दोघांमधल्या भिंतीची होती. भिंत जागा खाते हे खरं. पण ज्याच्याकडे सोळा जीबी आहेत त्याला ती जाणवत नाही. ज्याच्याकडे चारच आहेत त्याला घर लहान पडतं.

दुसऱ्याच्या डोक्यात ठेवलेली गोष्ट

आपल्यापैकी अनेकांनी मेमरी वाचवण्याचा पहिला उपाय कंप्युटरवर केलेलाच नव्हता. तो बटणांच्या नोकियावर केला होता, ऑपेरा मिनीनं. २००६ च्या जानेवारीत तो जगभर मिळू लागला. आमच्या शाळेच्या दिवसांत मंगरुळपीरहून कुणीतरी मेमरी कार्डात भरून आणायचा आणि मग तो या फोनवरून त्या फोनवर ब्लूटूथनं फिरायचा.

त्या फोनला खरं पान उघडणं झेपलंच नसतं. म्हणून ऑपेरा मिनी ते उघडायचाच नाही. पान उघडायचं ऑपेराच्या सर्व्हरवर, दूर कुठंतरी. तिथं ते दाबून लहान केलं जायचं आणि आपल्याला जणू त्याचा सारांश यायचा. इंटरनेटचे पैसे वाचायचे, फोनची मेमरी वाचायची. पण आपण काय पाहतो आणि काय टाइप करतो, हे मधल्या त्या सर्व्हरला कळल्याशिवाय ही सोय चालणारच नव्हती. सुरक्षित म्हणवणारी पानंही तिथं उलगडली जायची.

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात इंटेक्सचा क्लाउड एफएक्स आला, १,९९९ रुपयांचा. त्यात फायरफॉक्स ओएस होतं आणि रॅम फक्त १२८ एमबी. अख्खा स्मार्टफोन विंडोज एक्सपीच्या शिफारशीएवढ्या रॅममध्ये बसवलेला. तो फार चालला नाही, पण फायरफॉक्स ओएसमधूनच पुढं कायओएस निघालं आणि २०१७ मध्ये ५१२ एमबीच्या जिओफोनमधून आपल्या गावागावांत पोचलं. कमी मेमरीत वेब बसवण्याची ही धडपड कुणा हौशी माणसाची नव्हती. तिच्यामागं बाजार होता, आणि त्या बाजारात आपण होतो.

झोपवणारी माणसं

कंप्युटरवरची टॅब झोपवणारी एक्स्टेन्शनं मात्र खरोखर एकेकट्या हौशी माणसांनी लिहिली. त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि तो फरक मला माहीत असता तर काकांचा दिवस वाया गेला नसता.

पहिली तऱ्हा म्हणजे न उघडणं. २०१० मध्ये फिलिप फॉन वायटर्सहाउसेन या प्रोग्रॅमरनं फायरफॉक्ससाठी बारटॅब लिहिलं. ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केला की जुने सगळे टॅब एकदम उघडायचे आणि मशीन बसायचं. बारटॅबमुळं टॅबची फक्त नावं दिसायची. ज्यावर क्लिक कराल तोच उघडायचा. ही युक्ती इतकी चांगली होती की जून २०१२ च्या तेराव्या आवृत्तीत फायरफॉक्सनं ती स्वतःचीच करून टाकली.

याच सुमारास, २०११ मध्ये, मोझिलात निकोलस नेदरकोट यांनी मेमश्रिंक नावाचा उपक्रम सुरू केला. काम कंटाळवाणं: कुठून किती गळतं ते मोजायचं आणि एकेक भोक बुजवायचं. त्याच वर्षीच्या सातव्या आवृत्तीत मेमरी बऱ्याचदा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली, असं मोझिलानं सांगितलं. या मोजणीत एक गंमत निघाली. पुष्कळ गळती ब्राउझरची नव्हतीच, लोकांनी टाकलेल्या एक्स्टेन्शनांची होती. दुकान हलकं करायला ठेवलेला माणूसच खुर्ची अडवून बसावा, तसं.

दुसरी तऱ्हा म्हणजे यादी करणं. २०१३ च्या सुमारास आलेलं वनटॅब हेच करतं. एक बटण दाबलं की सगळे टॅब बंद होतात आणि त्यांच्या पत्त्यांची यादी एका पानावर येते. मेमरी ९५ टक्क्यांपर्यंत वाचते, असा त्याचा दावा. अशक्य वाटतं, पण हिशोब सोपा आहे. टॅब बंदच केले तर वाचणारच! ही यादी त्याच कंप्युटरवर असते. एक्स्टेन्शन काढून टाकलं की यादीही जाते.

तिसरी तऱ्हा म्हणजे झोपवणं, आणि इथं नाव घ्यावं लागतं ते द ग्रेट सस्पेंडरचं. डीन ओम्के या प्रोग्रॅमरनं ते लिहिलं आणि त्याचा कोड सगळ्यांना पाहता येईल असा खुला ठेवला. जो टॅब बराच वेळ वापरला नाही, त्याच्या जागी हे एक्स्टेन्शन स्वतःचं एक हलकं पान ठेवायचं. मूळ पत्ता त्या पानाच्या पत्त्यात जपलेला असायचा. क्लिक केलं की मूळ पान पुन्हा आणायचं. वीस लाखांहून जास्त लोक ते वापरत होते.

जून २०२० मध्ये ओम्के यांनी ते विकलं. घेणाऱ्याचं नाव लोकांना कळलं नाही. वापरणाऱ्यांच्या कंप्युटरवर काहीच बदललेलं दिसलं नाही. तेच चिन्ह, तेच काम. पण त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काही जाणकारांच्या लक्षात आलं की दुकानातून मिणारं एक्स्टेन्शन आणि जाहीर ठेवलेला कोड यांचा मेळ बसत नाही, आणि ते बाहेरच्या सर्व्हरवरून काहीतरी आणून चालवतं आहे. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं ते आपल्या एजमधून काढलं. ४ फेब्रुवारी २०२१ ला गूगलनं ‘यात मालवेअर आहे’ असं सांगून ते सगळ्यांच्या क्रोममध्ये बंद केलं.

त्या दिवशी लोकांचे झोपवलेले टॅब एकदम नाहीसे झाले. कारण ते टॅब आता खऱ्या वेबसाइटचे नव्हतेच, ते त्या एक्स्टेन्शनची पानं होती. झोपवणारा गेला तसे झोपलेलेही गेले. ज्यांना माहीत होतं त्यांनी ब्राउझरच्या हिस्ट्रीत जाऊन त्या लांबलचक पत्त्यांच्या शेपटातून मूळ पत्ते एकेक करून काढले.

मी वापरत होतो ते एक्स्टेन्शन हे नव्हे. पण ही बातमी वाचून मी पहिल्यांदा माझ्या एक्स्टेन्शनची परवानगी उघडून पाहिली. तुम्ही भेट देता त्या सगळ्या वेबसाइटवरची तुमची सगळी माहिती वाचणं आणि बदलणं, अशा अर्थाचं वाक्य तिथं होतं. टाकताना मीच त्याला हो म्हटलं होतं. त्या कंप्युटरवर गावातल्या किती माणसांचे आधार नंबर, किती खाते नंबर, किती सातबारे उघडले गेले असतील, याचा अंदाज करता येतो. त्यानं काही चोरलं असं मी म्हणत नाही. चोरलं असतं तर मला कळलं नसतं, एवढंच म्हणतो. मेमरी माझी वाचत होती आणि जोखीम रांगेतल्या माणसांची होती. त्यांना मी विचारलंही नव्हतं.

घरातलीच सोय

आज या कामाला बाहेरचा माणूस ठेवायची फारशी गरज उरलेली नाही. २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीत, मेमरी अगदी संपत आली की टॅब आपोआप उतरवण्याचा प्रयोग सुरू झाला. जानेवारी २०२१ मध्ये एजमध्ये झोपणारे टॅब आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फायरफॉक्सनं विंडोजवर हीच सोय दिली. डिसेंबर २०२२ मध्ये क्रोमनं मेमरी सेव्हर जाहीर केला. तो सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली असतो.

ब्राउझर स्वतः टॅब उतरवतो तेव्हा पत्ता त्याच्याकडेच राहतो; तो तिसऱ्या कुणाच्या पानात अडकत नाही. ज्यात गाणं किंवा व्हिडिओ कॉल चालू आहे, डाउनलोड चालू आहे, जो टॅब पिन केलेला आहे, तो क्रोमचा मेमरी सेव्हर झोपवत नाही. अर्धवट भरलेला अर्ज असलेला टॅबही या यादीत आहे. ती यादी वाचताना काका आठवले. म्हणजे माझ्यासारखी चूक आधी बऱ्याच जणांची झालेली असणार.

आणि तुम्ही म्हणाल, आम्ही तर फोनवर सगळं करतो, आमचा काय संबंध? फोन हे तुम्हाला न विचारताच करतो. क्रोममध्ये शंभर टॅब झाले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो, तो पाहिला असेल. ते शंभर टॅब काही जागे नसतात. अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की तो मागचे टॅब आणि अ‍ॅप उतरवतो. म्हणून तर फॉर्म भरताना ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात की कधी कधी पान पहिल्यापासून सुरू होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की परीक्षेचा, लांबचा फॉर्म असेल तर आधी मागची अ‍ॅप बंद करा, कागद आणि फोटो तयार ठेवा, मजकूर वहीत किंवा नोट्समध्ये लिहून घ्या आणि मगच बसा. हा काही मोठा तांत्रिक सल्ला नाही. पण अर्ज वाचतो.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल. काका, मशीन विसरली नाही. तिला आठवायला जागा लागते. वेब दर वर्षी जास्त जागा मागत गेलं, काही चैनीसाठी आणि काही तुमच्याच पैशांच्या राखणीसाठी. आमची मशीन मात्र होती तेवढीच राहिली. मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते मी ठरवायला पाहिजे होतं. मी ते एका अनोळखी माणसाच्या प्रोग्रॅमवर सोडलं आणि त्याला काय माहीत, तुमची डवरणी राहिली आहे ते?

आम्ही ते एक्स्टेन्शन काढलं. आणखी चार जीबीची रॅम बसवली. अर्जाचा टॅब आता पिन करून ठेवतो. वॉलेट एका ब्राउझरमध्ये आणि फुकट वेबसाइटा दुसऱ्यात. आणि एक वही केली. प्रत्येकाचं नाव, गट नंबर, कुठल्या टप्प्यापर्यंत आलो, हे पेननं लिहायचं. वहीला रॅम लागत नाही.

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि दुकानापुढची रांग आणखी वाढली. त्या रांगेत काका होते. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, “आता इसरत नाई ना तुही मशीन?”

“नाई काका. इसरली तरी वहीत हाय.”

त्यांनी वहीकडे पाहिलं, स्वतःचं नाव बरोबर लिहिलंय का ते तपासलं. अर्ज भरून झाला, पावती छापून निघाली. त्यांनी तिची घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागं ठेवली. ते उठल्यावर मी त्यांचे सगळे टॅब एकेक करून बंद केले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.